चपलांच्या कपाटाचं दार

तुळसकरांच्या घरात खिडक्या तशा बऱ्याच होत्या, पण बाहेर बघावं अशी एकच. स्वयंपाकघराची खिडकी पाइपांच्या डक्टमध्ये उघडे, बेडरूमच्या खिडकीतून शेजारच्या टॉवरमधल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसत, आणि बाथरूमची खिडकी बिल्डरने केवळ नकाशात दाखवायची म्हणून ठेवली असावी. हॉलची मात्र सरळ भांडुपच्या डोंगराकडे उघडे. सकाळी तिथून सावलीविना स्वच्छ उजेड येई आणि संध्याकाळी वारा. चाळ पाडून इमारत उभी राहिली तेव्हा तुळशीदास तुळसकरांना हा फ्लॅट मिळाला, आणि त्या दिवसापासून त्या खिडकीखालच्या जागेवर त्यांच्या दोन्ही मुलांचा डोळा होता.

जागा एवढीशीच. तिथे एक टेबल मावलं असतं, किंवा एक पाय पसरायची खुर्ची. नेत्राला टेबल हवं होतं. ती रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, कांजूरला एका प्रयोगशाळेत कामाला. घरी स्वतःचा मायक्रोस्कोप होता, आणि तो कपाटावर बॅगेत पडून होता, कारण बेडरूमच्या उजेडात त्याखाली पवईच्या तलावाचं पाणी काय नि नळाचं काय, सारखंच दिसे. सर्वेशला खुर्ची हवी होती. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पवईच्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना मॉड्युलर किचन विकायचा. दिवसभर लोकांना खुर्च्यांवर बसवतो तर घरी आल्यावर आपणही बसावं, एवढंच त्याचं म्हणणं. दोघांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

ते मिटवलं चपलांच्या कपाटाने. दारापाशी ठेवलेल्या त्या कपाटात पावसाळाभर ओल्या चपला राहिल्या आणि त्याचं दार फुगून असं वाकलं की बंदच होईना. सर्वेश म्हणाला, शोरूममधून आणतो. नेत्रा म्हणाली, कशाला, एमडीएफ कापून आणते आणि घरीच रंगवते. त्यावर सर्वेश जे हसला, ते त्याने हसायला नको होतं. गिऱ्हाइकाला पटवताना तो जो आवाज लावायचा त्याच आवाजात त्याने सांगितलं, की घरी रंगवलेला एमडीएफ आणि फॅक्टरीतून आलेला एमडीएफ यांतला फरक त्याला डोळे मिटून कळतो. नुसता हात फिरवला की बास.

तुळशीदास लसूण सोलत बसले होते. खिडकीवरून रोज रात्री चालणाऱ्या कुरबुरीला ते इतके विटले होते की त्यांना यातच सुटका दिसली. ते म्हणाले, "मग मीट डोळे. ओळखलंस तर खिडकी तुझी. नाय ओळखलंस तर हिची. आणि परत ह्या घरात खिडकी हा शब्द माका ऐकू येता नये."

न्यायाधीश म्हणून आईची, म्हणजे सुलक्षणाबाईंची, नेमणूक झाली. दोघंही तिला सारखेच घाबरत. निकालाचा दिवस पुढचा रविवार ठरला. रंगही ठरला, सर्वेशच्या शोरूमच्या रंगपत्रिकेतला पांढरा.

नेत्राने दार कापून आणताना दुकानातून बरेच उरलेले तुकडेही मागून आणले आणि आधी त्यांच्यावर हात साफ करून घेतला. एमडीएफ म्हणजे लाकडाचा चुरा, धागे आणि डिंक एकत्र दाबून केलेली फळी. दाबताना त्याची पाठ-पोट घट्ट होतात, तिथे रंग बरा बसतो. खरी अडचण कापलेल्या कडांची. तिथे धागे उघडे पडतात, आणि रंग लावला की कड तो पिऊन टाकते, चहात बुडवलेल्या खारीसारखी. वर आणखी लावला की आणखी पिते, आणि शेवटी हाताला लागते ती खारीच. नेत्राने एका तुकड्याला पाण्यातला प्रायमर लावून पाहिला, तर धागे अंगावर काटा यावा तसे उभे राहिले. दुसऱ्याच्या कडेत बारीक पुट्टी बोटाने चोळून भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासली आणि तेलातला प्रायमर दिला. हा तुकडा तिने डोळे मिटून गालाला लावून पाहिला आणि तिचं तिलाच बरं वाटलं.

मग तिने खऱ्या दाराला हात घातला. पुट्टी, घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं. रंग स्पंजच्या छोट्या रोलरने, अगदी पातळ. मनात सारखं येई की एकदाच जाड हात मारावा आणि मोकळं व्हावं, पण जाड रंग ओघळतो हे तिने तुकड्यांवर पाहिलं होतं. धुळीचा प्रश्न मोठा होता, कारण समोर अजून दोन इमारती पाडायचं काम चालू होतं आणि खिडकी उघडली की चाळींचे अवशेष घरात येत. म्हणून रंगकाम बाथरूममध्ये. आधी भिंतींवर पाणी मारायचं, हवेतली धूळ खाली बसू द्यायची, लादी कोरडी झाली की स्टुलावर दार आडवं ठेवून रंगवायचं. त्यामुळे घरच्यांना आंघोळी पहाटे उरकाव्या लागत, आणि नंतर कोणाला आत जायचं झालं तर दार दोन्ही हातांवर, नवजात बाळासारखं, हॉलमध्ये न्यावं लागे. तुळशीदासांनी एकदा बाहेरून कडी वाजवत विचारलं, की ह्या घरात माणसं राहतात की फळी. नेत्राने आतून विचारलं, फार घाईची आहे का. त्यावर त्यांनी दिलेलं मालवणी उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी संध्याकाळी घोटाळा झाला. कामावरून आल्या आल्या नेत्राने पुढचा हात दिला, आणि बघता बघता ओल्या रंगात बारीक बारीक गोल खळगे पडू लागले. जणू त्या जागी बसायला रंग तयारच नव्हता, सगळीकडून मागे सरत होता. तिने पुन्हा रोलर फिरवला तर खळगे मिटले आणि परत उघडले. सर्वेश दारात उभा राहून पाहत होता. "अरेरे," एवढंच म्हणाला.

नेत्राने भिंग आणलं. खळगे सगळीकडे नव्हते. दार दिवसभर हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि खळगे होते ते त्याच्या उजव्या अर्ध्या भागात. उजवीकडे काय होतं, तर स्वयंपाकघर. आपलं घर असं की ओट्यापासून हॉलपर्यंत मध्ये पडदासुद्धा नाही. तिने एक कागदी रुमाल घेतला, हॉलमधल्या फ्रिजच्या दारावरून फिरवला आणि नाकाला लावला.

बांगडा.

तिने आईला विचारलं, आज काय तळलं होतंस. सुलक्षणाबाईंनी जराही न लाजता सांगितलं की दुपारी बांगडे तळले होते, चांगले लठ्ठ होते, तिच्यासाठी दोन झाकून ठेवलेत. तळताना तेलाचा जो धूर उडतो तो दिसत नाही, पण जाऊन बसायचा तिथे बसतो, आणि तेलकट जागी रंग धरत नाही. हे आईला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण नेत्राचा पुढचा प्रश्न होता, बांगडे आणले कोणी. तर सर्वेशने. सकाळीच, कामावर जायच्या आधी, भांडुप स्टेशनजवळून. ज्या माणसाला जन्मात कधी माशाचे डोळे बघून ताजा-शिळा कळला नाही, ज्याला बाजारात पाठवलं की आई नंतर कोळणीची माफी मागायला जायची, तो आपण होऊन मासे घेऊन आला होता. आणि कारखान्यात फर्निचर रंगवतात तिथे वडापावसुद्धा आत नेऊ देत नाहीत, हा किस्सा त्यानेच मागे कधीतरी जेवताना सांगितला होता.

"आईला खावंसं वाटलं असेल म्हणून आणले," सर्वेश म्हणाला. "मी मुलगा आहे ना तिचा."

नेत्राने आरडाओरड केली नाही. आईने झाकून ठेवलेले दोन्ही बांगडे तिने त्याच्या समोर बसून, काटे सावकाश बाजूला काढत, शेपटीपर्यंत खाल्ले. मग जाहीर केलं, की रविवारपर्यंत घरात काहीही तळायचं नाही. तिखलं करा, कालवण करा, उकडून खा. न्यायाधीशांनी हे मान्य केलं, कारण डाव सरळ खेळला जावा असं त्यांना वाटत होतं.

हाल झाले ते तुळशीदासांचे. तव्यावरच्या कुरकुरीत तुकडीशिवाय त्यांना शुक्रवार हा शुक्रवार वाटेना. ते खिडकीपाशी जाऊन डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. "शिरा पडो त्या रंगावर," असं ते डोंगराला म्हणाले. "खिडकी एकाक मिळतली, उपास माका." शेवटी सुलक्षणाबाईंनी मार्ग काढला. सुरमईला मसाला लावून ताट खालच्या मजल्यावर शेवंतीकाकूंकडे जाई, त्यांच्या गॅसवर तळली जाई आणि वर येई. प्रत्येक फेरीत एक तुकडी कमी भरे.

इकडे नेत्राने खळगे सुकू दिले, घासून सपाट केले, सगळं दार थिनरच्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून पातळ पातळ हात दिले. शनिवारी सकाळी तिने दार उजेडात नेलं. साय धरायच्या आधी तापलेलं दूध दिसतं ना, तसं ते दिसत होतं. सुलक्षणाबाई वाकल्या आणि त्यात त्यांना आपली टिकली दिसली. त्यांनी टिकली सरळ केली.

दुपारी सर्वेश शोरूममधलं दार घेऊन आला. तेवढंच मोठं, तोच पांढरा. नेत्राला त्याने ते अगदी प्रेमाने दिलं, म्हणाला, बघून घे, उद्या म्हणशील दुसरंच आणलं, आणि पोरांबरोबर क्रिकेट खेळायला निघून गेला. हे प्रेमच नेत्राला खटकलं. पण त्याहून जास्त तिला उत्सुकता होती, की फॅक्टरीतला रंग जवळून दिसतो कसा. ती दार खिडकीपाशी घेऊन बसली आणि भिंगाखाली त्याची एकेक कड पाहू लागली. सुंदर काम होतं. तिला हेवा वाटला. खालच्या कडेला, डाव्या कोपऱ्याजवळ येईपर्यंत.

तिथे नखाएवढी एक खाच होती.

आता खाच कुठेही पडते, ने-आण करताना पडते. पण नेत्रा ती बराच वेळ पाहत राहिली. खाच फॅक्टरीत पडली असती तर तिच्यात रंग शिरला असता. शोरूममध्ये कधी पडली असती तर आत धूळ बसून ती मळकी झाली असती. ही आतून स्वच्छ तपकिरी होती, नुकत्याच मोडलेल्या बिस्किटासारखी. आणि नेमकी अशा जागी, की डोळे बांधलेल्या माणसाने सहज अंगठा फिरवला तर लागावी, बघणाऱ्याच्या मात्र लक्षात येऊ नये.

म्हणजे पवईचा हा मोठा तज्ज्ञ हात फिरवून ओळखणार होता तो असा.

आईला दाखवलं असतं तर खिडकी तिथल्या तिथे नेत्राची झाली असती. तिने दोन पावलं स्वयंपाकघराकडे टाकलीही. मग तिच्या डोळ्यांपुढे उद्याचा सर्वेश आला, डोळे बांधलेला, खाच शोधत असलेला, आणि तिला हसू यायला लागलं. हसण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती बाथरूममध्ये जाऊन बसली.

शोरूमच्या दाराच्या खाचेत तिने पुट्टी भरली, ड्रायरने सुकवली, घासली, वर बारीक ब्रशने पांढऱ्याचा टिपका दिला आणि तो ओघळू नये म्हणून फुंकर घालत बसली. नंतरचं काम जड होतं. तिने ब्लेड घेतलं आणि आपल्या दाराच्या खालच्या कडेवर, डाव्या कोपऱ्याजवळ टेकवलं. इतके दिवस जिला धुळीचा कण लागू दिला नव्हता तिलाच कापायचं. पण गोऱ्यापान बाळाच्या गालालाही आया काळी तीट लावतातच, असं स्वतःला समजावून तिने डोळे बारीक करून खाच पाडली. अगदी त्याच मापाची, त्याच तिरकेपणाची.

रविवारी मासे शेवंतीकाकूंकडे तळणीत पडले आणि हॉलमध्ये खटला उभा राहिला. सर्वेशच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. नेत्राने हरकत घेतली, की तिच्या रंगाला अजून तेलाचा वास आहे, तो नाकाने ओळखेल. सुलक्षणाबाईंना हे पटलं आणि त्यांनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणून मुलाच्या नाकाला लावला. एरवी सर्वेशने असलं काही करून घेतलं नसतं, पण आज तो फारच खुशीत होता. चिमट्यातून गेंगण्या आवाजात म्हणाला, लावा, आणखी काय लावायचं ते लावा. आईने नेत्राच्या दाराच्या मागच्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं, दोन्ही दारं सोफ्यावर शेजारी शेजारी ठेवली, मग मनात काय आलं कोण जाणे, त्यांची अदलाबदल केली, आणि पुन्हा केली.

सर्वेशने देखावा छान केला. आधी तळहात, मग बोटांची टोकं, मग मनगटाची आतली बाजू. एका दारावर तो थांबला, मान तिरपी केली, दुसऱ्यावर गेला, परत पहिल्यावर आला. वाद्य लावणाऱ्या माणसासारखा चेहरा केला होता. नेत्रा श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होती. शेवटी, काही विशेष नाही अशा थाटात, त्याचा अंगठा खालच्या कडेवरून सरकत गेला आणि डाव्या कोपऱ्याजवळ अडला. चिमट्याखाली हसू पसरलं.

"हे आमचं," तो म्हणाला. "आई, ह्याला म्हणतात फिनिश. काचेवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. आणि ते दुसरं घरचं. वाईट नाहीये, मेहनत दिसते पोरीची. पण कडेला खरखर लागते. पुट्टी भरलेली लपत नाही गं, नेत्रा."

त्याने टॉवेल काढला. सुलक्षणाबाईंनी त्याने गौरवलेलं दार उलटं करून धरलं होतं. पाठीवर कुंकवाचा लालभडक ठिपका.

सर्वेशने ते दार हातात घेतलं आणि खालची कड पाहिली. खाच होती. त्याने दुसरं दार उचललं. खाच नव्हती. पुन्हा पहिलं. नाकाला चिमटा तसाच होता. मग त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

"काय झालं, दादा?" नेत्राने विचारलं. एरवी ती त्याला नावाने हाक मारी. "काही हरवलंय का?"

बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य आईसमोर म्हणता येण्यासारखं नव्हतं. फसवलं म्हणावं, तर कशात फसवलं ते सांगावं लागलं असतं. तो चिमटा काढून नाक चोळत राहिला. तुळशीदासांनी निकाल ऐकलासुद्धा नाही, ते ताट आणायला खाली निघाले होते. जाता जाता म्हणाले, खिडकी पोरीची, विषय संपला.

दुपारी जेवण झाल्यावर नेत्राचं दार कपाटाला बसवलं. टेबल सर्वेशनेच उचलून खिडकीखाली लावलं, त्यात त्याने कुचराई केली नाही. नेत्राने मायक्रोस्कोप काढला, तलावाच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. उजेड हवा तसा होता. थेंबात हिरवे धागे होते, त्यांतून काहीतरी पारदर्शक, घाईत असल्यासारखं, इकडून तिकडे पळत होतं. हे बघायला ती कधीपासून तळमळत होती. पण थोड्याच वेळात तिचं लक्ष त्यातून उडालं.

तिच्या ध्यानात आलं होतं की खिडकी मिळाली, पण उत्तर नाही मिळालं. सर्वेशने ओळखली ती खाच. दुसऱ्या दारावर त्याला जी खरखर लागली, ती एकतर फॅक्टरीच्या कडेवर तिनेच भरलेल्या पुट्टीची असणार किंवा नुसती थाप. मग तिचा पृष्ठभाग फॅक्टरीच्या तोडीचा होता की नव्हता? एवढी पुट्टी, एवढं घासणं, बाबांचा उपास, आणि प्रयोग तिने स्वतःच्या हाताने ब्लेडने बिघडवून ठेवला होता. आणि तिने पाहिलं होतं की खाच लागायच्या आधी त्याचा हात एका दारावर क्षणभर थांबला होता. का थांबला होता?

ती उठून बेडरूममध्ये गेली. सर्वेश पलंगावर आडवा पडून मोबाइल बघत होता.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली, "खाच लागायच्या आधी, नुसत्या हाताला, तुला कुठलं कुठलं वाटलं होतं?"

सर्वेशने मोबाइल बाजूला ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर निकालापासून नसलेली प्रसन्नता परत येऊ लागली.

"कसली खाच?" त्याने विचारलं.

नेत्रा म्हणाली की खाच बुजवून परत करून बघू, आता काही पणाला नाही, निव्वळ माहिती म्हणून. सर्वेशने विचार केल्यासारखं केलं. म्हणाला, करू या की, खिडकी परत पणाला लाव, आत्ता डोळे मिटतो. नेत्राने हॉलकडे पाहिलं. टेबलावर ऊन नसलेला स्वच्छ उजेड पडला होता. आणि ती आपल्या थेंबाकडे परत गेली.

हल्ली रोज सकाळी कामावर निघताना सर्वेश बूट काढायला चपलांचं कपाट उघडतो. बूट घालून झाले की दार लावतो आणि त्यावरून एकदा तळहात फिरवतो, सावकाश, वरपासून खालपर्यंत. खिडकीतल्या टेबलावरून नेत्रा बघत असते, हे त्याला ठाऊक असतं. तो "हं," असं म्हणतो आणि जिना उतरू लागतो.